नुसतं मोजायचं होतं

उद्या दहाच्या बैठकीत आमची मोठी लेक तोंड उघडेल की नाही, या एका काळजीने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. सव्वीस वर्षांची झाली, पण खोटं अजून पचत नाही तिला.

तिसरीपर्यंत तिला धड वाचता येत नव्हतं. परातीतल्या कोरड्या पिठात तिचं बोट धरून मी अक्षरं गिरवून घेतली. तीच पोर एका संशोधन संस्थेत लागली. बारा वस्त्यांतली मुलं दर तीन महिन्यांनी तपासायची, कुणाला कितपत वाचता येतं ते. सहा वस्त्यांत संस्थेने संध्याकाळचे वर्ग काढले. उरलेल्या सहांत काही नाही. तिथली मुलं नुसती मोजायची, म्हणजे वर्गाने फरक पडतो का ते कळेल. मूल अडलं तर गप्प बसायचं, टॅबवर खूण करायची आणि पुढच्या घरी जायचं, असा नियम.

पहिल्याच फेरीत एका आईने तिला दारात अडवलं.

"ताई, पोरांना वजनकाट्यावर चढवता आणि उपाशीच उतरवता. शिकवत का नाही?"

"शिकवायचं नाही असं ठरलंय, मावशी."

"कोणी ठरवलं? त्याच्या पोरांना येतं ना वाचता?"

हे मला सांगताना मोठी हसली होती. पण पुढची दोन वर्षं दर रविवारी ती बिनवर्गाच्या सहाही वस्त्यांत फिरून मुलांना शिकवत, आठवड्याचा अभ्यास देत राहिली. चोरून. मला सांगायची, मैत्रिणीकडे जाते.

आता निकाल आला. दोन्हीकडची मुलं सारखीच वाचतात! संस्थेच्या साहेबांचा निष्कर्ष: वर्गांचा उपयोग शून्य. उद्याच्या बैठकीत सहाही वर्ग बंद करायचं ठरणार.

संध्याकाळी फोनवर रडत तिने सगळं ओकलं. "आई, खरं सांगितलं तर नोकरी जाईल. पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"साहेब म्हणतात, आकडेच बोलतात."

"आकड्यांना तोंड असतं तर आधी तुझं नाव घेतलं असतं त्यांनी!" मी फोन आपटला.

तुलना लागते, हे मला कळतं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आहे. पण नुसती मोजलेली मुलं भराभर वाचू लागली, तेव्हा या शहाण्यांपैकी एकालाही तिथे जाऊन विचारावंसं वाटलं नाही? कुठल्याही पोराने सांगितलं असतं, रविवारी ताई येते म्हणून. खुर्ची सोडायला नको यांना! आणि ही आमची बाई! मायेपोटी शिकवलंस ते शिकवलंस, पण तुझ्या गप्प बसण्याने वर्ग चालवणाऱ्या त्या सहा शिक्षिकांच्या मेहनतीवर बोळा फिरतोय, त्याचं काय? सगळ्यात जास्त संताप माझा मलाच येतो. फोन आपटण्याआधी "जाऊ दे, नोकरी सांभाळ" हे शब्द अगदी ओठांवर आले होते माझ्या.

साहेबांचा नंबर माझ्याकडे आहे. तो मी लावणार नाही. तिच्या वाटचं मी बोलून चालायचं नाही. पण तिला लावते, आत्ताच. झोपली असेल तर उठेल. नोकरी गेली तर घरी ये, तुझी खोली आहे तशीच आहे, हे मघाशी रागाच्या भरात सांगायचं राहिलं. ते आधी सांगते, आणि मग, दहाला खरं बोल म्हणून.