किल्ल्याच्या दारातली तोफ

ती घटना आठवली की आजही माझा हात कपाळावर जातो. माझ्या नोकरीत सोनं, गाड्या, म्हशी, झालंच तर देवळातली घंटासुद्धा चोरीला गेली. पण तोफ?

पनवेलच्या खाडीकाठी एक छोटा किल्ला आहे. वर्षानुवर्षं तिथे झुडपं आणि सापच होते. मग डागडुजी झाली, तटावर दिवे लागले, आत हॉटेल आणि लग्नाचा हॉल आला. ते चालवणारे शेठ एका सकाळी ठाण्यात येऊन बसले. दारातली ऐतिहासिक तोफ रातोरात गायब झाली होती आणि शनिवारी उद्घाटनाला मंत्री येणार होते.

"साहेब, ही इंटरनॅशनल टोळी आहे. आमचा वॉचमन त्यांना सामील आहे. त्याला आधी आत घ्या."

गुन्हा दाखल करून पंचनाम्याला गेलो. कॅमेरे भरपूर होते, सगळे गल्ल्याकडे आणि स्विमिंग पूलकडे तोंड करून. दाराकडे एकही नाही. का, तर म्हणे तोफ कोण चोरणार! आणि आता ताप आमच्या डोक्याला.

वॉचमन जवळच्या वाडीवरचा कातकरी. आधी वीटभट्टीवर राबायचा, महिन्याच्या पगाराची ही त्याची पहिलीच नोकरी. चौकशीत तो एकच सांगायचा, "मी कायपन इकला नाय, सायेब." त्याची बायको ठाण्याबाहेरच्या कट्ट्यावर बसून असायची. वरून सारखे फोन, अटक केली का? संशयित गरीब असला की तपास सगळ्यांनाच सोपा वाटतो. मला या वृत्तीचा संताप यायचा.

खबर दिली ती बाजारातल्या एका भंगारवाल्या चाचांनी. "साहेब, खुदा कसम, तोफ बाजारात आलेली नाय. एवढं लोखंड आलं असतं तर पहिली खबर मला लागली असती. ज्यांनी नेली त्यांना विकायची नाय. वापरायची हाय."

"चाचा, आजच्या जमान्यात तोफ कोण वापरणार?" मी वैतागून विचारलं.

"ते तुम्ही शोधा. पोलीस तुम्ही."

परत येताना एक गोष्ट लक्षात आली. वॉचमन 'विकली नाही' म्हणत होता. 'मला माहीत नाही' असं तो एकदाही म्हणाला नव्हता. त्याला समोर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "कोण कोण होतं?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "कोन नव्हता ते इचारा, सायेब. आख्खा कोलीवाडा हुता. त्यांची चीज त्यांनी नेली. मी कसा आडवू?"

कोळीवाड्याच्या जेटीवर गेलो. तोफ भर उन्हात उभी होती, तोंड खाली करून जमिनीत गाडलेली. तिला होड्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यातच आमच्या गस्तीच्या बोटीचा दोर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझा हवालदार दोन दिवस तिच्यावर चहाचा ग्लास ठेवत होता.

मासळी निवडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "चोरली? आमच्या आज्यापासून ती हितंच हाय. तिला होड्या बांधतो, नारली पुनवेला पयला नारल तिला. या किल्लेवाल्यांनी क्रेन लावून उपटून नेली. आमी पुनवेच्या आदी परत आनली."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"शेठची लिवून घेतलीत सायेब, आमची घेतली असती?"



शेठना बोलावून विचारलं, "तोफ तुमच्याकडे आली कुठून?" ते हेरिटेजबद्दल बोलू लागले. चोराच्या उलट्या बोंबा त्या दिवशी समोरासमोर ऐकल्या. "ठीक आहे, मग आधी क्रेनची फिर्याद लिहून घेतो," म्हटल्यावर हेरिटेज आटोपलं. गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. वॉचमनला कामावरून काढायचं नाही, हे शेठना माझ्या पद्धतीनं समजावलं.

त्यानंतर चोरीच्या प्रत्येक तक्रारीत मी वस्तू गेली कशी याच्या आधी ती आली कशी, हे विचारू लागलो. बऱ्याच फिर्यादी तिथेच अडखळायच्या.

मध्यंतरी एका लग्नाला त्याच किल्ल्यात गेलो. दारात आता फायबरची तोफ आहे, पाहुणे तिच्यावर हात ठेवून फोटो काढत होते. बाजूला तोच वॉचमन. त्यानं कडक सलाम ठोकला.

"काय रे, नीट राखतोस ना?"

तो हसला. "हिला कोन नेनार, सायेब?"