कुणाचं बोलायचं राहिलं का?

मानवतच्या पालिकेत उत्तराबाई नोकरीला लागल्या तेव्हा वॉर्डाचा आराखडा म्हणजे साहेबांच्या टेबलावरची सुरळी. ती बाईंनी रस्त्यावर आणली. गल्लीत सडा मारायचा, बायांच्या हातात रांगोळी द्यायची आणि म्हणायचं, काढा तुमची गल्ली. बाया आधी लाजायच्या आणि मग नळ कुठं, नाली कुठं तुंबते, यावरून अशा भांडायच्या की ऐकत राहावं. बाई मात्र जागच्या हलायच्या नाहीत. पालिकेच्या माणसानं नकाशाला हात लावायचा नाही, हा त्यांचाच कायदा. शेवटी ज्यानं त्यानं, इथं मी राहतो म्हणून, आपापल्या घरावर ज्वारीचा दाणा ठेवायचा. मग बाई विचारायच्या, कुणाचं बोलायचं राहिलं का? कोपऱ्यातली एखादी म्हातारी तोंड उघडेपर्यंत थांबायच्या. गावातले कितीतरी नळ त्या थांबण्यातून आले.

स्वतः राहायच्या अप्पारावांच्या सरकीच्या गोदामामागच्या खोलीत, एकट्या. लग्न जमलं नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असलीच आपली नोकरी, असं म्हणून हसायच्या. हसू कसलं ते! गल्लीतल्या घराघरात त्यांनी चहा घेतला, पण त्यांच्या उंबऱ्यावर घटकाभर कुणी टेकलं नाही. पालिकेची बाई, काम असलं तरच जायचं, असा लोकांचा हिशेब. संध्याकाळी बाहेर हाकाहाकी चाललेली असायची, तेव्हा त्या रेडिओ मोठा करायच्या. जिवाला लय लागायचं ते.

आता निवृत्ती आली आणि शेवटचा नकाशा नेमका त्यांच्याच गल्लीचा निघाला. बाईंनी ठरवलं, या वेळी आपणही दाणा ठेवायचा. मी कुठं जात नाही, मला इथंच राहायचंय, हे त्यांच्या तोंडून निघालं नसतं. दुसऱ्यांना बोलतं करण्यात जन्म गेला बिचारीचा, स्वतःचं बोलायची सवयच नव्हती. डब्यातला एक दाणा मुठीत धरून त्या गेल्या.

गल्लीतल्या रेणुकानं नकाशा देखणा काढला होता. कधी काळी रांगोळी हातात घ्यायला घाबरणारी ती आता सगळ्या गल्लीला हुकूम सोडत होती. गोदामामागं, बाईंच्या खोलीच्या जागी, गुलाबी चौकोन होता. बाईंनी विचारलं, हे काय?

"बालवाडी, मॅडम. अप्पाराव जागा द्यायलेत. तुमी आता गावाकडं जाणार, खोली मोकळीच होईल."

कुठलं गाव? वडील येलदरीला धरणावर नोकरीला होते, राहायला सरकारी क्वार्टर. ते निवृत्त झाले आणि ते घरही सुटलं. त्यानंतर बाईंना गाव असं हेच होतं. आणि बालवाडी पाहिजे, म्हणून बैठकी-बैठकीत ओरडल्या होत्या त्याही बाईच. रागवायचं तरी कुणावर? बायांनी एकेक करून दाणे ठेवले. बाई एकदा अर्ध्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या.

"कुणाचं बोलायचं राहिलं का?" त्यांनी विचारलं.

आणि थांबल्या. नेहमीपेक्षा जास्तच थांबल्या. रेणुकानं मागं वळून एकेका तोंडाकडं पाहिलं, अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं. कोपऱ्यातल्या म्हातारीलाही विचारलं.

"न्हाई मॅडम," रेणुका म्हणाली. "समदे बोलले."

बाईंनी मूठ तशीच मिटलेली ठेवली आणि दुसऱ्या हातानं नकाशाचा फोटो काढला.