राखून ठेवलेलं भाडं

माझ्या आत्याचे यजमान अड्याळला सुताचे आणि लुगड्यांचे व्यापारी होते. मूल नव्हतं. जाण्याआधी त्यांनी बाजारातले भाड्याने दिलेले दोन गाळे एका धर्मादाय ट्रस्टच्या नावे केले. उद्देश एकच होता, विणकरांच्या मुलींचं शिक्षण. विश्वस्त तिघं: आत्या, त्यांचे एक जुने मित्र आणि मी. मी भंडाऱ्यात करसल्लागार, त्यामुळे कागदपत्रं आपोआप माझ्याकडे आली.

कायदा शिकताना ‘संचय’ या शब्दाचं मला फार आकर्षण वाटायचं. खासगी मालमत्तेचं उत्पन्न साठवतच राहा, कुणाला देऊ नका, असं कुणी लिहून ठेवलं तर कायदा ते कायमचं चालू देत नाही. ढोबळपणे, लिहिणाऱ्याच्या हयातीपर्यंत किंवा अठरा वर्षं, एवढीच मुभा. धर्मादायाला ही अट लागत नाही, पण तिथे आयकराचा कायदा आडवा येतो. उत्पन्नाचा मोठा भाग त्याच वर्षी खर्च करा. साठवायचाच असेल तर कशासाठी ते फॉर्मवर लिहून द्या आणि पाच वर्षांत त्याच कामाला लावा. नाहीतर कर भरा.

मी लिहून दिलं: मुलींचं वसतिगृह, शहापूर. तिथे हायवेच्या आत, तलावाजवळ एक प्लॉट ट्रस्टने घेतला होता. खेड्यातल्या मुली तिथे राहतील, भंडाऱ्याच्या कॉलेजात जातील, दारावर आत्याच्या यजमानांचं नाव असेल. नकाशा मी माझ्या ऑफिसात भिंतीवर लावला होता.

दुसऱ्या वर्षी जुलैत आत्या एका मुलीला घेऊन एसटीने भंडाऱ्याला आली. मुलीचे वडील आत्याच्या दुकानासाठी वर्षानुवर्षं मागावर बसलेले. मुलीचा नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट घेऊन ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“बाबू, हिची फी आपल्या ट्रस्टातून भरता येईन का?” आत्याने विचारलं.

“आत्या, ते पैसे बिल्डिंगसाठी बांधलेले आहेत. दुसरीकडे वळवता येत नाहीत.”

“अन् यंदाचं भाडं?”

“तेही त्यातच जाईल.”

पहिलं वाक्य बरंचसं खरं होतं. दुसरं कायद्याचं नव्हतं, माझं होतं. त्या वर्षाचं भाडं अजून मोकळं होतं. ते साठवायचं की खर्चायचं हे वर्ष संपल्यावर, फॉर्म भरताना ठरतं. मुलीची फी ट्रस्टच्या उद्देशात अगदी नीट बसत होती. फक्त ठराव लिहावा लागला असता, कॉलेजचं पत्र, पावत्या, पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा तेच. आणि बिल्डिंग तेवढी लांबली असती. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

मुलीने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “सर, पाच वर्षांनी बिल्डिंग झाल्यावर माझं वय बसन का?”

मी म्हणालो, “पाहू.” आत्याने माझ्याकडे पाहिलं, पण ती कायद्याला मान देणारी बाई. उठली आणि मुलीला घेऊन गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीचं बपेऱ्याला लग्न झालं. पत्रिका मलाही आली होती. मी गेलो नाही.

बिल्डिंग झालीच नाही. मोजणीत निम्मा प्लॉट तलावाच्या हद्दीत निघाला. विकणारा अपिलात गेला, मोजणी पुन्हा झाली, तारखा पडत राहिल्या. उद्देश बदलून मिळावा असा अर्ज आयकर अधिकाऱ्याकडे करता येतो. तोही मी ‘निकाल येऊ द्या’ म्हणत पुढे ढकलला. पाच वर्षं सरली आणि कराची नोटीस आली.

मी अड्याळला जाऊन आत्याला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

“म्हणजे सरकारले देता आले, पोरीले नाही.”

तिथे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी बोलून गेलो, “आत्या, त्या वर्षाचं भाडं देता आलं असतं.”

“हे तुले तवाच माहीत होतं?”

“हो.”

तिने सूप बाजूला ठेवलं. रागावली नाही. म्हणाली, “मंग काहून नाही सांगतलं?” त्याच महिन्यात तिने ठराव करायला लावला, की भाडं ज्या वर्षी येईल त्याच वर्षी मुलींच्या फीला जाईल. आता दरवर्षी काही मुली शिकतात. पावत्यांची कटकट एका दुपारची असते.

गेल्या हिवाळ्यात तुमसरला काम होतं, तिथून मी बपेऱ्याला गेलो. ती घरीच होती. दोन मुलं, नवऱ्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. गावात कुणाला सलाइन लावून घरी पाठवलं की लोक हिला बघायला बोलावतात, असं तिच्या सासूने कौतुकाने सांगितलं. तिने चहा दिला. सासू आत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, त्या वर्षीचं भाडं मोकळं होतं हेसुद्धा. ट्रस्ट अजूनही फी भरेल, असंही म्हणालो.

तिने ऐकून घेतलं. मग उठून माझा कप उचलला.

“सर, तुमी सांगतलं नसतं तं बरं झालं असतं,” ती म्हणाली. “कायद्यात बसत नाही म्हून मी सोडून देल्लं होतं. आता काय म्हून सोडू?”

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली, पोरांना नमस्कार करायला लावला. मी तिच्यासाठी गेलो होतो असं समजत होतो. तुमसरला पोचेपर्यंत कळलं, की मला माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं होतं, आणि ते मी तिच्या घरी ठेवून आलो.