पाइपाचं तोंड बांधणारा चोर

ती गोणी मी अजून विसरलेलो नाही. कशेळ्याच्या जीप स्टँडवर एक मुलगा तिच्यावर बसला होता. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो, तरी तो पळाला नाही. गोणीत विहिरीत सोडायची पाणबुडी मोटर होती.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. माझं गाव मराठवाड्यात. नववीत शाळा सुटली. त्या काळी तेवढ्या शिक्षणावर पोलीस शिपाई होता यायचं, तसा झालो आणि चढत चढत सहायक फौजदार म्हणून कर्जत-खालापूर भागात आलो. घर लांब, शिक्षण कमी, त्यामुळे आपल्या हातून काही चुकेल ही धास्ती कायम असायची. पण इथल्या माणसांनी मला सांभाळून घेतलं, ते आधी सांगतो. आमच्या निरीक्षकांनी तर माझ्यावर विश्वास टाकून बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं काम दिलं. प्रत्येक ठाण्यात असा एक जण नेमावा लागतो. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण आलं की त्यानं बघायचं, तेही गणवेश न घालता. मुलाला बेडी नाही, कोठडी नाही, आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं.

त्या दिवसांत कशेळे भागातल्या फार्महाऊसच्या विहिरींमधून मोटरी जात होत्या. खबर दिली एका जीपवाल्याने.

"साहेब, एक पोरगा हाय. मधून मधून जड गोणी घेऊन बसतो. इचारलं तं सरळ बोलतो, मोटर हाय. लपवत पन नाय."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळायला मला त्या दिवशीची दुपार व्हावी लागली.

मुलगा पंधरा वर्षांचा होता. डोंगरावरच्या वाडीतला, आश्रमशाळा मध्येच सोडून साजगावला एका मोटर दुरुस्तीवाल्या मिस्त्रीकडे राहून काम करणारा. त्याला ठाण्यात आणलं आणि मी गणवेश काढून चौकटीचा शर्ट चढवला. हवालदार म्हणाले, "काय फौजदार, कुणाचा साखरपुडा?"

ज्यांची मोटर गोणीत सापडली ते फार्महाऊसचे मालक समोरच बसले होते. त्यांना हसू आलं नाही. "या भागातली ही चौथी मोटर. दोन लावा कानाखाली, सगळं ओकेल. तुम्ही पोलीस आहात का बालवाडीचे मास्तर?"

"आज मास्तरच समजा," मी म्हणालो.

खरं तर त्यांचा राग मला कळत होता. विहिरीवरची मोटर गेली की बाग वाळते. आणि कानाखाली लावली असती तर चहा येईपर्यंत मुलानं काहीही कबूल केलं असतं, हेही मला माहीत होतं. म्हणूनच हात लावायचा नाही, हे पक्कं ठरवलं होतं. त्याला मागच्या खोलीत बसवलं, जिथून कोठडीचे गज दिसत नाहीत. आईला वाडीवर निरोप धाडला. आश्रमशाळेतून त्याच्या वयाची खात्री करून घेतली.

"सगळ्या मोटरी मीच नेल्या," तो म्हणाला.

"कुठं विकल्या?"

तो नखातलं ग्रीस कोरायला लागला.

"बरोबर कोण होतं?"

"मी एकटाच."

थोड्या वेळानं मिस्त्री आला. हातात डबा आणि मुलाचा धुतलेला शर्ट. "सायेब, माज्याकडं पोरासारखा राहतो. चुकलं त्याचं. पन लहान हाय. अशा चोरीत पोरावर एफआयआर होत नाय, मंडळ समज देऊन सोडतं." मग मुलाकडे वळून म्हणाला, "कबूल कर रं. उद्या घरी जाशील."

मुलानं मान हलवली.

ठाण्यात येणारे आईबाप मी आयुष्यभर पाहिलेत. आत शिरताना पहिला प्रश्न असतो, "मारलं का हो त्याला?" या माणसानं तो विचारला नाही. कायदा मात्र त्याला पाठ होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मुलाचा जबाब आहे तसाच मंडळापुढे गेला असता, तर चारही चोऱ्या त्याच्या नावावर बसल्या असत्या, आणि मिस्त्रीनं पुढच्या महिन्यात दुसऱ्या वाडीतला दुसरा मुलगा आणला असता.

दुपारी घटनास्थळाचा पंचनामा करायला विहिरीवर गेलो. मोटर नसलेला पाइप काठाच्या आत बांधून ठेवलेला होता. त्याच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळलेली. विहिरीवरची जाळीही जागच्या जागी होती.

"हे तुम्ही बांधलं?" मी मालकांना विचारलं.

"मी कशाला बांधू? मी हात लावलेला नाही."

आमच्याकडे गावाला मोटर दुरुस्तीला गेली की वडील पाइपाचं तोंड असंच बांधायचे. पाला, बेडूक आत जाऊ नये म्हणून. मालकांना म्हटलं, "चोराला तुमच्या पाइपाची एवढी काळजी कशाला?" ते वाकून ती पट्टी बघायला लागले.

परत आलो तेव्हा आई येऊन मुलाशेजारी बसली होती. मी खाली सतरंजीवर बसलो.

"लेकरा, पाइपाचं तोंड कुणी बांधलं?"

"मीच." हा काय प्रश्न, असा त्याचा चेहरा. "नाय बांदलं तं बेडूक जातो. मंग मोटर परत बसवली का..."

त्यानं आईकडे पाहिलं.

"बोल रं," आई म्हणाली. "कोनाला भितोस?"

मग तो बोलला. "मिस्तरी बोलला, मालकाचा फोन आलाय, मोटर जळालीय, वायडिंगला आन. बसवायला दुसरा गडी जातो बोलला. मी काडून आनायचो फक्त."

"मग सगळं अंगावर का घेतलंस?"

"त्याचं नाव घेतलं तं मला वायडिंग कोन शिकवील?"

मारहाणीची भीती नव्हती, कोठडीचीही नाही. शाळा सुटलेल्या, घर लांब असलेल्या पोराच्या हातात जो पाना देतो, तो त्याला देवासारखा वाटतो. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निरीक्षक म्हणाले, "तुम्ही चला, मी बरोबर येतो." साजगावच्या शेडमध्ये पंचांसमक्ष झडती घेतली. बाकीच्या तिन्ही मोटरी नंबर खरवडलेल्या अवस्थेत मिळाल्या. मिस्त्रीला अटक झाली. चोरीच्या जोडीला मुलाचा गुन्ह्यासाठी वापर केल्याचं कलमही लागलं, आणि ते चोरीपेक्षा जड असतं. हे कलम त्याला पाठ नव्हतं.

मुलाची रात्रीची सोय निरीक्षणगृहात केली. दुसऱ्या दिवशी मंडळानं त्याला आईच्या ताब्यात दिलं आणि पुन्हा शाळेत घालायला सांगितलं.

मुलांसाठीचे हे नियम म्हणजे नसते लाड, असं अजूनही ठाण्यांत बोललं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. त्या नियमांनी मला घाई करू दिली नाही, म्हणून खरा चोर सापडला. प्रत्येक ठाण्यात गज न दिसणारी एक खोली हवी, आणि तिथं खाली बसायला तयार असलेला एक माणूस हवा. नव्याने भरती झालेल्या शिपायांना मी हेच सांगत असतो.

कोर्टाच्या हुकमानं मोटर परत मिळाल्यावर मालकांचा फोन आला. "मास्तर, तुमचा विद्यार्थी रविवारी मोकळा आहे का? मोटर बसवायचीय."

मुलगा विहिरीत उतरला. त्याच्या कमरेचा दोर मी धरला होता, मोटरीचा मालकांनी.

"सावकाश सोडा, काका," तो खालून म्हणाला. मालकांनी सावकाश सोडला. त्यानं पट्टी सोडली, प्लास्टिक काढलं आणि पाइपात डोळा लावून पाहिलं.

"साफ हाय," तो म्हणाला.