न्यू लिनचे चामडेवाले

आमच्या क्लबाचं नाव काढलं की लोक खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे तिथं नेमकं काय चालतं?" मी खरं तेच सांगतो. चहाचे कप कुणी धुवायचे, यावर भांडण चालतं. ऐकणाऱ्याची फार निराशा होते.

ऑकलंडमधला हा लेदर क्लब. चामड्याचे कपडे, पट्टे, दोऱ्या यांची हौस असलेली आणि ती एकमेकांना विचारून, संमतीनं पुरवणारी मोठी माणसं. त्यात गे आहेत, लेस्बियन आहेत, चारचौघांसारखी नवरा-बायकोही आहेत. आणि पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरवर पोट असलेला मी एक मिलिंद. एवढी वेगवेगळी माणसं एका हॉलमध्ये जमली की गाळणीत चहापत्ती साचावी तसे किस्से साचतात. मधून मधून गाळणी झटकावी लागते, तर घ्या.

*

क्लबाचे सगळ्यात जुने सभासद ग्रॅहम. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या मिशा, चालताना बूट करकरतात. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हणाले, "रविवारी मंचला ये."

नव्या माणसांनी साध्या कपड्यांत कॅफेमध्ये भेटायचं, खायचं-प्यायचं, गप्पा मारायच्या, याला इंग्रजीत 'मंच' म्हणतात, हे मला कुठं माहीत! मराठी माणसाला मंच म्हटलं की माईक आणि हारतुरे दिसतात. मी रात्रभर जागून भाषण पाठ केलं.

कॅफेत शिरलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर सात-आठ जणी, सगळ्यांच्या हातात दोऱ्या. हेच ते, म्हणून उभं राहून सुरू केलं, "मी मिलिंद. बरीच वर्षं मनात होतं, पण घरी कुणाला सांगता येत नव्हतं. आज पहिल्यांदाच माझ्यासारखी माणसं दिसतायत."

एका आजींनी डोळे पुसले. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यालासुद्धा हे कधी कळलं नाही बघ." आणि मला शेजारी बसवून गाठ शिकवायला घेतली.

कुंड्या टांगायच्या शिंकाळ्यांचा क्लास होता तो. पलीकडच्या टेबलावरून ग्रॅहम उठून आले आणि अदबीनं म्हणाले, "माफ करा, हा आमचा असावा."

ती गाठ मला अजून येते.

*

एकदा मी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. मी आणि माझा जोडीदार हेमी, आम्ही न्यू लिनला राहतो. हेमी माओरी आहे. त्याच्या माणसांत आणि माझ्या माणसांत एका गोष्टीवर एकमत आहे: पायताण दाराबाहेर.

आता ही सगळी बुटांवर जीव टाकणारी मंडळी. गुडघ्यापर्यंत बूट, आणि बुटांना गुडघ्यापर्यंत नाड्या. दारात एकेक जण ओणवा होऊन नाड्या सोडतोय आणि मागे जिन्यापर्यंत रांग. पहिला माणूस आत आला तेव्हा भजी गार झाली होती.

शेवटचा बूट निघाला आणि मी आमटीला फोडणी दिली. फोडणीचा धूर छताला लागला आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. सगळ्या बिल्डिंगीला खाली उतरावं लागलं. ऑकलंडचा पाऊस, ओला फुटपाथ, आणि कंबरेच्या वर रुबाबदार चामडं नि खाली नुसते मोजे, असे उभे आम्ही. एकटा हेमी जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपलांत, मजेत.

शेजारीणबाईंनी विचारलं, "चर्चचा ग्रुप आहे का?"

ग्रॅहम ओले मोजे पिळत म्हणाले, "कर्मकांड बरंच आहे, पण चर्च नाही."

*

आमच्यात टेस नावाची मुलगी आहे, व्हीगन. दूध नाही, मध नाही आणि चामडं तर नाहीच. ती सायकलच्या जुन्या ट्यूब कापून स्वतःचे कपडे शिवते. आली त्याच महिन्यात तिनं मागणी केली, क्लबाच्या नावातून 'लेदर' काढा.

मोठं वादळ झालं. ग्रॅहम उभे राहिले. म्हणाले, "आमच्या वेळी हे उघड बोललं तर तुरुंग होता. आम्ही मोटारसायकली घेऊन निघायचो, आणि परक्या गावात आपला माणूस ओळखायचा तो या जाकिटावरून. हे कातडं नाही पोरी, हा आमचा इतिहास आहे."

टेस म्हणाली, "इतिहासाचा मला आदर आहे. पण गाईलाही इतिहास होता."

दोघंही बरोबर, त्यामुळे निकाल लागेना. शेवटी हेमी म्हणाला, "नाव राहू दे, टेस राहू दे, आणि चहात ओट मिल्क येऊ दे." एकमतानं मंजूर.

पुढच्या प्राईडच्या मिरवणुकीत मुसळधार पाऊस लागला. चामडं भिजून आम्ही म्हशींसारखे जड झालो आणि टेस कोरडी ठणठणीत पुढे चालत होती. संध्याकाळी ग्रॅहमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या ट्यूबा मिळतात कुठं?"

*

वर्षातून एकदा आम्ही शेवटच्या दिवसांतले रुग्ण सांभाळणाऱ्या हॉस्पिसच्या मदतीसाठी रस्त्यावर सॉसेज भाजून विकतो. त्या वर्षी जागा मिळाली अल्बनीला, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर. छातीवर पट्टे आडवे-उभे बांधून मी कांदा परततोय, तोच समोर आमच्या मराठी मंडळाच्या कुलकर्णीकाकू.

काकूंनी पट्ट्यांकडे नीट पाहिलं. मी मनात पुण्याचं तिकीट काढलं.

"पॅराग्लायडिंग का रे?"

"हो काकू." दुसरं काय सुचणार?

"छान. आमचा रोहन नुसता घरात बसून असतो. पण सेफ्टी असते ना तुमच्याकडे?"

"काकू, आधी सेफ्टीच शिकवतात. समोरचा थांब म्हणाला की थांबायचं."

"आणि शिकवणारा अनुभवी असतो?"

ग्रॅहमनी मागून विचारलं, बाई काय म्हणतायत. मी सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सांग त्यांना, चाळीस वर्षांत एकही माणूस पडू दिला नाही."

काकूंनी पावात नुसता कांदा घेतला आणि समाधानानं गेल्या.

*

ग्रॅहमचा जोडीदार होता रेक्स. मी त्याला पाहिलेलं नाही. तो आजारी पडला त्या काळात एड्सचं नाव घ्यायलाही लोक भ्यायचे. जेवणाचं ताट वॉर्डाच्या दाराशी ठेवून जायचे. रेक्सच्या आईनंही येणं बंद केलं. तेव्हा क्लबातल्या बायका आल्या. त्याआधी बायकांना क्लबात घ्यायचं की नाही यावर पुरुषांचं वर्षभर भांडण चालू होतं! त्या आल्या, रेक्सची नखं कापली, केस धुतले, पाळी लावून उशाशी बसल्या. ते भांडण पुन्हा कुणी काढलं नाही.

हे सांगून झालं की ग्रॅहम लगेच पुढचं सांगतात. रेक्स हॉस्पिटलच्या गाऊनवर आपलं बिनबाह्यांचं चामडी जाकीट घालून पडलेला असायचा. एक्स-रेला न्यायला आलेली नर्स म्हणाली, "सर, हे काढावं लागेल."

रेक्स म्हणाला, "बाई, हे वाक्य मी याहून बऱ्या ठिकाणी ऐकलंय."

*

आता आप्पा. माझे वडील, पोस्टातून निवृत्त, तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेले. हेमीबद्दल मी त्यांना पूर्वीच फोनवर सांगितलं होतं. आप्पांनी विचारलं, "शिकलेला आहे का?"

"नर्स आहे."

"मग ठीक. घरात एक तरी कामाचा माणूस."

त्यामुळे क्लबाचंही पचेल असं वाटलं. त्यातच ग्रॅहम भाचीजवळ दूर दक्षिणेत रिकार्टनला कायमचे राहायला निघाले होते, आणि जायच्या आधी रेक्सचं जाकीट ते मला देणार होते. आमच्यात पहिलं मानाचं चामडं विकत घेत नाहीत, वडीलधाऱ्यानं द्यायचं असतं. त्या दिवशी आप्पा समोर असावेत, असं मला फार वाटत होतं. दुसऱ्या कुणाच्या घरचं माणूस कधी आलं नव्हतं.

मी धीर करून सगळं सांगितलं. संमती, दोऱ्या, पट्टे, सगळं. आप्पांनी हात वर केला.

"ते तुमचं तुम्ही बघा, मोठे आहात. लेदर म्हणजे चामडंच ना?"

"हो."

"माझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. चामड्याला हात लावणार नाही म्हणाला, तर गावानं पाणी तोडलं. माझा बाप शहरात आला. मी पोस्टात चिकटलो, तुला इंजिनीअर केलं. तीन पिढ्या लागल्या चामडं सुटायला, आणि तू विमानात बसून हौसेनं चामड्यात आलास?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. खरं सांगतो, रडू आलं.

तिथं हेमीनं हळूच विचारलं, "दोऱ्या-बिऱ्यांवरून चिडलेत?"

"नाही. चामड्यावरून."

"मग त्यांची टेसशी ओळख करून दे ना."

*

आप्पा चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. रविवारी मात्र पांढरा शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, "हेमी म्हणतो चहा असतो."

हॉलमध्ये हेमीच्या माओरी मित्रांनी "किया ओरा" म्हटलं, आप्पांनी "जय भीम" म्हटलं, आणि दोन्हीकडचं समाधान झालं. टेस चामड्याला शिवत नाही हे कळल्यावर आप्पा खूश. "शहाणी आहे पोर," म्हणून तिच्याशेजारीच बसले, ओट मिल्कचा चहा घेऊन. तिनं त्यांना हॉलमधल्या सगळ्यांबद्दल सांगितलं, रेक्सबद्दलही. किती कळलं देव जाणे. पण आप्पांनी चहा अर्धा ठेवला.

मग ग्रॅहम जाकीट घेऊन आले. माझ्याकडे नाही, आधी आप्पांकडे. मान लववून म्हणाले, "सर, तुमची परवानगी असेल तर."

"काय म्हणतायत?" आप्पांनी मला विचारलं.

"हे मला द्यायचंय. तुमची परवानगी मागतायत."

"माझी?" आप्पा उठले. हात मागे बांधलेले. जाकिटाकडे बघत राहिले. "ज्याच्या आईनं येणं बंद केलं, त्याचं ना हे?"

"हो."

आमच्या क्लबात एक रीत आहे. दुसऱ्याच्या चामड्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नव्या माणसाला ती शिकवावी लागते. आप्पांना ती कुणीच सांगितली नव्हती.

"विचार त्यांना," आप्पा म्हणाले, "मी हात लावला तर चालेल का?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. ग्रॅहमनी जाकीट पुढे धरलं. त्यांच्या वतीनं टेसच म्हणाली, "स्वीट ॲज, आप्पा." म्हणजे इथल्या भाषेत, खुशाल.

आप्पांनी जाकीट घेतलं, माझ्या अंगात चढवलं. खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली, जी आमच्यात कुणीच लावत नाही. खांद्यावरची सुरकुती तळहातानं सारखी केली. मग दोन पावलं मागे जाऊन, चाळिशीच्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले,

"थोडं मोठं होतंय. पुढच्या वर्षी बरोबर बसेल."