परमिट मेश्रामांच्या नावावर

मेश्राम साहेब गेले असा निरोप आला आणि मी हार घेऊन एका जिवंत माणसाच्या घरी गेलो. निरोप सकाळी मोबाइलवर आला होता, आमच्या जुन्या कार्यालयातल्या पुंडलिकचा. पुंडलिक लाइनमन, मी तिथला इंजिनिअर, आता निवृत्त. ‘मेश्राम साहेब गेले. बारा वाजता मयत,’ एवढंच. वीज खात्यात अख्खी नोकरी काढली, पण ‘साहेब’ लावावं असे मेश्राम मला एकच ठाऊक होते : फार मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पश्चिम नागपुरात बंगला असलेले. बर्डीच्या बाजारात चांगला जाडजूड हार घेतला, चेहरा प्रसंगाला शोभेलसा केला आणि त्यांच्या फाटकाशी उतरलो, तर स्वतः मेश्राम साहेब बनियनवर कुंड्यांना पाणी घालत होते. “या, या! हार कोणाला?” माझ्या तोंडून निघालं, “तुम्हालाच, साहेब. लग्नाचा वाढदिवस ना?” आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “तो डिसेंबरात असतो.” तरी त्यांनी मोठ्या मनाने मान वाकवून हार घालून घेतला, मला चहाला बसवलं. चहा अर्धा झाला तोच पुंडलिकचा फोन. “साहेब, कुठं हाय तुमी? मयत निंगाली न इकडून.” मी हळूच विचारलं, कोणाची? तो म्हणाला, “कोनाची म्हंजे? आपल्या मेश्राम साहेबाची. गँगवाल्या.”

गँगवाले, म्हणजे लाइनवर काम करणाऱ्या टोळीचे मेश्राम. नामदेव मेश्राम, हुद्द्याने लाइनमन. लागले तेव्हाही लाइनमन आणि निवृत्त झाले तेव्हाही लाइनमन. अकरा वर्षं आम्ही एका कार्यालयात होतो. त्या अकरा वर्षांत त्यांना कोणी ‘साहेब’ म्हणतं हे माझ्या कानावर आलं नाही, कारण माझ्यासमोर सगळे ‘मेश्रामभाऊ’ म्हणायचे. साहेब मी होतो, तशी दारावर पाटी होती. त्या दिवशी मी उत्तर नागपुरात त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा मयत कधीच गेली होती. मी पायरीवरून परत फिरलो. खरं तर बरंच वाटलं, हेही इथे सांगून टाकतो. कारण त्यांच्या सेवापुस्तकात एक सक्त ताकीद आहे. ती माझ्या सहीची आहे, आणि ती खोटी आहे. ती काढून टाकीन असा शब्द मी त्यांना दिला होता.

मी महालातला, म्हणजे जुन्या नागपुरातला. आमच्या घरात चार पिढ्या सह्या करणाऱ्यांच्या. पणजोबा भोसल्यांच्या कचेरीत, आजोबा कलेक्टर ऑफिसात, वडील ट्रेझरीत, आणि मी वीज खात्यात. खांबावर चढलेला आमच्यात कोणी नाही. मेश्रामांचे वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे होते. त्या दिवसानंतर ते कोणासमोर कमरेत वाकले नाहीत, असं मेश्राम एकदा सहज सांगून गेले होते. मी नवा रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी ते माझ्यासमोर आले. उंच, काळेसावळे, हाताची बोटं पकडीसारखी. मी उदारपणे म्हणालो, “बसा ना.” ते म्हणाले, “बसलो तं मंग उठा लागते, साहेब.” मला वाटलं, नम्र माणूस आहे. बारा-पंधरा दिवसांनी लक्षात आलं की ते बसतात, दिवसातून चारदा बसतात. बाहेर केबलच्या रिकाम्या ड्रमवर. आणि त्या ड्रमभोवती सगळी गँग उभी असते. कोण कुठे जाणार, कोणाच्या हाताला लागलंय म्हणून आज त्याला वर चढवायचं नाही, कोणाची बायको दवाखान्यात आहे म्हणून त्याला जवळचं काम द्यायचं, हे सगळं तिथे ठरायचं. मग तेच मी आतून टाइप करून, सही करून बाहेर पाठवायचो. मला कितीतरी महिने वाटत होतं की कार्यालय मी चालवतो आहे.

आमच्या कामात एक कागद असतो, परमिट. लाइन दुरुस्त करायची तर आधी सबस्टेशनमधून वीज बंद करून घ्यायची आणि तसं लिहून घ्यायचं. ज्याच्या नावावर परमिट, त्याने ‘काम झालं, माणसं खाली आहेत’ म्हणून ते परत केल्याशिवाय वीज पुन्हा सोडायची नाही. नियम एवढाच. मेश्रामांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. परमिट परत करण्याआधी प्रत्येक माणसाने त्यांच्यासमोर येऊन स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं. पाच गेले असतील तर पाच नावं, पाच तोंडं. “थो उतरला” असं दुसऱ्याने सांगितलेलं चालायचं नाही. मी एकदा हसून म्हटलं होतं, “मेश्राम, ही काय पहिलीची हजेरी आहे का?” ते म्हणाले, “हो. त्याईच्या घरी हजेरीच मांगतेत, साहेब.”

आता त्या दिवसाबद्दल. मे महिना, दुपार, अवकाळी वादळाने मौद्याच्या रस्त्याकडची लाइन पडलेली. त्याच लाइनवर एका बड्या पुढाऱ्याच्या घरचं लग्न, मंडपात हजार माणसं आणि बंद कूलर. मला वरून दर पाच मिनिटांनी फोन. मी स्वतः जागेवर गेलो, म्हणजे गाडी सावलीत लावून गाडीत बसलो. चारच्या सुमारास काम झाल्यासारखं दिसलं. वरून फोन आला आणि मी छाती पुढे काढून सांगून टाकलं, “पाच मिनिटांत चालू करतो, सर.” मग काच खाली करून ओरडलो, “मेश्राम, परमिट परत करा.”

“चार नावं आली, साहेब. पाचवं नाई आलं.”

“कोणाचं?”

“पुंडलिकचं. नाल्याच्या पलीकडच्या खांबावर हाय थो. फोन लागून नाई राहिला.”

“अरे, उतरला असेल तो!”

मेश्रामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “असंल म्हंजे?”

मी आवाज चढवला. सबस्टेशनला फोन लावला. तिथला ऑपरेटर अगदी नवा, कच्च्या नोकरीवरचा. मी त्याला माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि म्हणालो, माझ्या जबाबदारीवर लाइन चालू कर. तो पोरगेला आवाज म्हणाला, “साहेब, परमिट मेश्रामभाऊच्या नावानं हाय. थे म्हणतीन तवाच.” आणि फोन ठेवला. माझा फोन ठेवला! मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही. तोवर मेश्रामांनी तो कागद चार घड्या करून शर्टच्या आतल्या खिशात घातला होता आणि ते नाल्याकडे चालू लागले होते. ऊन असं की नांगरलेली ढेकळं पांढरी दिसत होती. मी गाडीतून ओरडत होतो, नोकरीवरून काढीन, लिहून देईन, असलं काहीबाही. ते मागे वळले नाहीत. बाकीचे चौघे खांबाशी उभे होते. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, सगळे त्यांच्या पाठीकडे पाहत होते.

चाळीस मिनिटांनी ते परतले. सोबत पुंडलिक. तो उतरला नव्हता. वर पट्ट्याने बांधलेला, हातात तार धरून शेवटचा जोड आवळत बसला होता. वादळात वाकलेल्या बाभळीआड असल्याने इकडून दिसत नव्हता. त्याने येऊन मेश्रामांसमोर स्वतःचं नाव घेतलं, “पुंडलिक,” आणि पाणी मागितलं. मग मेश्रामांनी खिशातून कागद काढला.

इथे कोणीही शहाणा माणूस त्यांच्या पाया पडला असता. मी कार्यालयात आलो, वरून आलेली शिवी खाल्ली, आणि ती खाली ढकलायला जागा शोधली. त्याच संध्याकाळी बसून मी नोटीस लिहिली : ‘वरिष्ठांच्या स्पष्ट आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन करून वीजपुरवठा सुरळीत करण्यास चाळीस मिनिटांचा अनाठायी विलंब.’ माझी भाषा चांगली आहे हो, त्याबद्दल वरून कौतुकही झालं. मेश्रामांचा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, एका ओळीचा : ‘एक माणूस वर होता.’ त्याखाली मी लाल शाईने लिहिलं, ‘खुलासा समाधानकारक नाही.’ ही तीन शब्दांची ओळ मला अजून दिसते. अक्षर सुरेख आहे.

सक्त ताकीद सेवापुस्तकात गेली. दोन वर्षांनी वरच्या जागेची बढती निघाली तेव्हा मेश्रामांचं नाव त्या ताकिदीवर अडलं आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण त्यांचा वरिष्ठ झाला. तो बिचारा रोज सकाळी ड्रमपाशी जाऊन विचारायचा, “भाऊ, आज कोनाले कुठं पाठवू?” मी हे खिडकीतून पाहायचो. एकदा लाज अनावर झाली तेव्हा त्यांना आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणालो, “मेश्राम, ते पत्र मी मागे घेतो. माझी चूक झाली, तसं लिहून देतो.” ते म्हणाले, “द्या न साहेब. तुमालेच येते थे लिहिता.” त्यात टोमणा होता की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही. लिहायला बसलो, दोनदा बसलो. पण तसं लिहायचं म्हणजे मी एका माणसाला जवळजवळ मारलं होतं हे लिहायचं. माझी स्वतःची बढती तोंडावर होती. म्हटलं, ती होऊ दे, मग लिहू. झाली. मग म्हटलं, बदली होऊ दे. तीही झाली.

याहून वाईट पुढे आहे. बढतीनंतर सुरक्षा सप्ताहात मला भाषणाला बोलवायचे, आणि मी हाच किस्सा सांगायचो. फक्त त्यात ‘पाचवं नाव आल्याशिवाय वीज सोडायची नाही’ असं मी म्हणायचो. आधी ‘आम्ही ठरवलं’ असं सांगायचो, मग दोनेक वर्षांत ‘मी ठरवलं’ झालं. टाळ्या पडायच्या. एका वर्षी टाळ्या ओसरल्या आणि शेवटच्या रांगेत मला मेश्राम दिसले. निवृत्तीला महिनाभर राहिला होता त्यांच्या. तेही टाळ्या वाजवत होते. चहाच्या वेळी जवळ आले, कपात बिस्किट बुडवलं आणि म्हणाले, “साहेब, नाला तुमी लय जवळ सांगतला गा. चालाले चाळीस मिनिटं लागले होते... पायानं.” मी हसलो. काय करणार? तेही हसले. पण बरोबरीच्या गड्याला लावतात तो ‘गा’ एवढ्या वर्षांत त्यांनी मला लावला तो त्या एकदाच, आणि मला कळलं की त्यांच्या लेखी मी साहेब उरलो नव्हतो.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यात. छातीचं दुखणं निघाल्याचं कळलं म्हणून घरी गेलो. बाजेवर पडले होते, धाप लागत होती, आणि कानाशी फोन. कुठल्याशा खांबाखालून कोणी कंत्राटी माणसाने लावला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला ते लोक कामावरून फोन करत होते. मेश्राम एकेक शब्द तोडून बोलत होते, “तुहं नाव सांग... त्याचं नोको सांगू, त्याले देजो फोन... हं, बोल.” असे तिघे बोलले. मग त्यांनी डोळे मिटले. मी बाजेशी बसून होतो. पत्राचा विषय काढावा असं वाटलं... आणि मी त्यांच्या औषधांबद्दल विचारलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या मागे ठेवलेल्या वंदनेच्या दिवशी मात्र मी वेळेवर गेलो, बरोबर घरी. आदल्या दिवशी बसून ते पत्र अखेर लिहिलं होतं. दीड पान. नोटीस चुकीची होती, आदेश माझा चुकीचा होता, नामदेव मेश्रामांमुळे एक माणूस वाचला आणि त्यांची बढती माझ्यामुळे गेली, सगळं. भाषा चांगली जमली होती. गल्लीत मांडव, आत वंदना नुकतीच सुरू झालेली, पांढऱ्या कपड्यांत माणसंच माणसं. निम्मे खात्यातले, बोटं ओळखू येत होती. मोठ्या हुद्द्याचा मी एकटाच, म्हणून कोणीतरी खुर्ची आणून दिली. बाकी सगळे खाली बसलेले. मी त्या खुर्चीत जे काही बसलो ते माझं मलाच ठाऊक. पुंडलिकने पाहिलं, पण तो उठून आला नाही.

गर्दी पांगल्यावर मी शांताबाईंकडे गेलो. मेश्रामांच्या पत्नी, अंगणवाडीत आयुष्य गेलेल्या. पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं, म्हणालो, “हे मी फार आधी द्यायला हवं होतं.” त्यांनी चष्मा लावला. उभ्या उभ्याच दीड पान वाचलं, एकही ओळ न गाळता. मी वाट पाहत होतो... कशाची ते नीट सांगता येणार नाही. त्या रडतील अशी, की ‘जाऊ द्या, साहेब’ म्हणतील अशी. त्यांनी पत्राची घडी केली, पाकिटात घातलं आणि पाकीट माझ्याच हातात परत दिलं.

“हे आमाले काहून देऊन राहिले, साहेब? आमच्या घरी तं सगळ्याइले ठाऊकच हाय. ऑफिसात नेऊन द्या न. का तिथं कोनी वाचंल म्हून भेव वाटते?”