पिशवीनं धरलेली जागा

किल्लीवाल्यांच्या बायकोला सगळी गल्ली पिशवीबाई म्हणते, आणि हे नाव त्यांच्या कानावर गेलं नसेल असं ज्याला वाटतं तो गल्लीत नवा असावा. बाई कपड्यांची दुरुस्ती करतात. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा झगा कमरेत सैल करायचा. त्यामुळे कोण किती सुटलंय याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असते, पण त्या बोलत नाहीत. दातांत टाचण्या धरायची सवय असलेल्या माणसाचं तोंड मिटलेलंच राहतं. बोलायला बेकरीवाली मावशी आहे की!

पिशवी निघते रविवारी. उरलेल्या पडद्यांच्या जाड कापडाची, तळाला पुठ्ठा घालून बाईंनीच शिवलेली. चर्चमध्ये डावीकडच्या चौथ्या बाकावर बाई भिंतीच्या बाजूला बसतात आणि त्यांच्या शेजारी, वाटेच्या कडेला, पिशवी बसते. अगदी ताठ, माणसासारखी. कुणी "सरका जरा" म्हटलं तर बाई अंग चोरतात, पिशवी हलत नाही. सत्तावीस वर्षं.

जागा किल्लीवाल्यांची. किल्लीवाले दर रविवारी बायकोला स्कूटरवरून सोडतात आणि समोरच्या झाडाखाली स्कूटरवरच डोळे मिटून बसतात. पाऊस आला तर डोक्यावर सीटचं कव्हर घेतात, पण उंबरठा ओलांडत नाहीत. चर्चच्या मोठ्या दाराचं कुलूप त्यांनीच बसवलंय, तेसुद्धा बाहेर उभं राहून. आतले दोन स्क्रू पिळायला पाळकसाहेबांना लावलं. ते अजून वाकडेच आहेत.

यामागचं कारण गल्लीला ठाऊक आहे, म्हणून त्याची तेवढी थट्टा कुणी करत नाही. त्यांची मुलगी चार वर्षांची असताना तापानं गेली. आठ दिवस हा माणूस तिच्या खाटेशी गुडघ्यांवर होता. नवव्या दिवशी उठला आणि म्हणाला, "मी दार वाजवलं. आतून कुणी ओ दिली नाही. त्या घरात आता मी पाऊल टाकणार नाही."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देवानं तारणाचा, म्हणजे उद्धाराचा, शब्द एकट्या माणसाला दिलेला नाही, त्याच्या घराला दिलाय. आणि माझ्या घरात माणसं उरली दोन. मग दुसरं कोण? पुढच्या रविवारी त्यांनी शेजारी पिशवी ठेवली आणि डोळे मिटले. "प्रभू, यांना माझ्या शेजारी आणून बसव." तेव्हापासून दर रविवारी तेच वाक्य. नवऱ्याला यातलं अक्षर सांगितलं नाही. गल्लीनंही सांगितलं नाही. ज्या गल्लीत शेजारच्याच्या शिंकेवर चार मतं पडतात, तिनं हे एक गुपित सत्तावीस वर्षं पोटात ठेवलं. खरं तर एवढा चमत्कार पुरे होता, पण पुढचा ऐका.

मध्यंतरी बेकरीवाल्या मावशीनं बाईंना चष्म्याच्या दुकानात पाहिलं. "अगं, पुरुषाचा चष्मा घेत होती! तपकिरी काड्यांचा! किल्लीवाले तर जन्मात काळ्याशिवाय घालत नाहीत. मग हा कुणासाठी, सांग!" आठवडाभर गल्ली तपकिरी चष्म्याचा पुरुष शोधत होती. तो काही सापडला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, पडद्याचं माप घेताना बाई स्टुलावरून पडल्या आणि घोट्याला प्लास्टर चढलं. शनिवारी संध्याकाळी मास्तर भेटायला आले. मास्तर पूर्वी शाळेत पीटी शिकवायचे. आता चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवतात, फक्त शिट्टी वाजवत नाहीत एवढंच.

"बाई, उद्यापासून नव्या वसाहतीतली माणसं येणार. पिशव्यांच्या जागा बंद. जागा बसेल त्याची."

"मास्तर, सत्तावीस वर्षं धरलीय हो ती जागा."

"म्हणूनच म्हणतो. सत्तावीस वर्षं प्रवचन ऐकलं त्या पिशवीनं. तिचं तारण कधीच झालं असेल."

बाई हसल्या. मास्तर गेले तसं हसू ओसरलं. त्यांनी मांडीवरच्या पँटची शिवण उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

रविवारी सकाळी त्या प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसल्या. आज प्रार्थनेत नेहमीचं वाक्य येईना. "प्रभू, मागून मागून जीभ झिजली माझी. आज मीही तिथं नाही आणि जागाही चालली. आता आणलंस तरी बसवणार कुठं?" एवढं बोलून त्या घाबरल्या, कारण देवाशी या सुरात त्या कधी बोलल्या नव्हत्या. मग आतल्या खोलीकडे हाक मारली. "अहो! एवढी पिशवी मास्तरांच्या हातात देऊन या. म्हणावं, आजच्या दिवस माझ्या बाकावर ठेवा."

"तू घरी आणि पिशवी चर्चला?"

"तिला सवय आहे."

"माझ्यापेक्षा पिशवी धार्मिक निघाली," असं पुटपुटत किल्लीवाले पिशवी उचलून निघाले.

जाऊन यायला दहा मिनिटं. वीस झाली. घंटा वाजून गेली. अर्धा तास झाला. बाईंनी शिलाई मशीनवर दोरा न ओवताच हातानं चाक फिरवायला सुरुवात केली. स्कूटरचे ब्रेक आठवले, चौकातला ट्रक आठवला. खबर आणायला मावशी असती, तर तीही चर्चला. तास झाला, दीड तास झाला. मग जिन्याखाली स्कूटर थांबली. ओळखीची पावलं वर आली, पण आज हळू.

दार उघडलं. दारात किल्लीवाले उभे होते. हातात पिशवी आणि नाकावर तपकिरी काड्यांचा चष्मा.

बाईंचा हात मशीनच्या चाकावरच राहिला.

"तुझा तो मास्तर," किल्लीवाले म्हणाले, "पिशवी घेईचना. म्हणतो, आज ही जागा अडवू देणार नाही. म्हटलं, कुणाची जागा? म्हणतो, तुमचीच की हो! सत्तावीस वर्षं बाई धरून बसल्यात." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझी जागा, आणि मलाच पत्ता नाही. वर हा पीटीचा मास्तर ती दुसऱ्याला देणार! म्हटलं, हो बाजूला. बघतो कोण बसतं माझ्या जागेवर."

"म्हणजे... आत गेलात?"

"गेल्याशिवाय बसणार कसा?"

"आणि पिशवी?"

"तुझ्या जागेवर ठेवली. तू नाहीस म्हणून ती पण दुसऱ्या कुणाला द्यायची की काय?"

किल्लीवाले खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बसलो खरा भांडणाच्या भरात. गाणी सुरू झाली, कुणीतरी पुस्तक दिलं हातात. अक्षर दिसेना. चष्मा दुकानात खिळ्याला. घाम फुटला, म्हणून रुमाल शोधायला पिशवीत हात घातला." त्यांनी चष्मा काढला, उलटसुलट पाहिला, परत घातला. "नंबर बरोबर आहे गं. आत्ता बदलला तोच. कितवा हा?"

"सहावा," बाई म्हणाल्या. "तुमचा नंबर बदलला की हाही बदलायचा. तुम्ही आलात त्या दिवशी अक्षर दिसायला नको?"

किल्लीवाल्यांनी पिशवी अलगद बाईंच्या शेजारी ठेवली.

"मी म्हणत होतो आतून कुणी ओ देत नाही," किल्लीवाले हळूच म्हणाले. "आणि आत माझ्या डोळ्यांचा आजचा नंबर तयार." मग आवाज घट्ट करून म्हणाले, "पोरीचं विचारलं मी त्या वरच्याला. उत्तर नाही दिलं. पुढच्या रविवारी परत विचारणार आहे."

पुढच्या रविवारी. हे दोन शब्द बाईंनी नीट ऐकले. सत्तावीस वर्षं त्यांनी हा क्षण डोळ्यांपुढे आणला होता: दार उघडतं, हे येतात, मी पिशवी उचलते. प्रत्येक वेळी त्या स्वतः तिथं होत्या. दर रविवारी मान वळवून दाराकडे पाहिलं, तेव्हा कुणी आलं नाही. एक रविवार पाहणारी घरी राहिली, आणि देवानं तेवढ्यात काम उरकलं. सकाळी त्या चिडल्या तेव्हाही सहावा चष्मा पिशवीत होताच, आणि तो त्यांनी आपल्याच हातानं ठेवला होता. गुडघ्यांवर यावंसं वाटलं, पण प्लास्टर येऊ देईना. त्या छताकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "माझ्या पाठीमागं केलंस होय रे!" आणि हसता हसता रडू लागल्या.

तेवढ्यात बेकरीवाली मावशी चर्चमधून धापा टाकत जिना चढून आली. "अगं, ऐकलंस का, तो तपकिरी चष्म्याचा..." दारातच तिचा पाय अडखळला. तिनं किल्लीवाल्यांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बातमी तिच्या आधीच घरी पोचली होती. तोंड उघडंच होतं, पण त्यातून शब्द फुटेना.

गल्लीत असं पूर्वी कधी घडलेलं नाही.